इंजिनाची निगा जुलैत नव्हे, मे महिन्यात

जुलैचा शेवटचा आठवडा आला की वेसावे, मढ, मनोरी आणि गोराईच्या किनाऱ्यावर इंजिन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला जेवायलाही उसंत मिळत नाही. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठणार असते, बर्फ आणि डिझेल भरायची घाई असते, खलाशी गावाहून परतलेले असतात आणि नेमके तेव्हाच कुणाचे इंजिन जाम झालेले निघते. कुणाच्या पंपाचे रबर चिकटून बसलेले असते, कुणाची बॅटरी मेलेली असते. हे सगळे पावसाळ्याने केले, असे म्हणून खिसा रिकामा करायची आपल्याला सवय झाली आहे. पण बिघाड जुलैत दिसतो म्हणून तो जुलैत होतो असे नाही. इंजिन खाऱ्या पाण्यासह, जुन्या तेलासह आणि अर्ध्या टाकीसह बंद करून त्यावर ताडपत्री ओढली जाते ती मेअखेरीस, आणि बहुतेक बिघाडांची सुरुवात त्याच दिवशी होते. म्हणून निगेचा मुहूर्त बंदीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे आणायला हवा. त्यासाठी गोडे पाणी, वापरलेल्या तेलाचे पिंप आणि तारखेनिशी नोंद एवढ्या तीनच गोष्टी किनाऱ्यावर उभ्या करणे हे मत्स्यव्यवसाय विभागाचे, महाराष्ट्र सागरी मंडळाचे आणि मच्छीमार संस्थांचे काम आहे.

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न दूरचा वाटतो, पण तो दाराशी आहे. अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्याची खाडी आहे, बोरिवलीसमोर गोराई आणि मनोरी आहेत, मालाडच्या टोकाला मढ आणि मार्वे आहेत. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पूर्व कडेला ठाणे खाडी आहे. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि हिवाळ्यात भांडुपच्या बाजूने पक्षी दाखवणाऱ्या बोटी सुटतात. यांत्रिक नौकांना पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरच्या जलक्रीडा त्याहून महिनाभर अधिक, ऑगस्टअखेरपर्यंत थांबतात. म्हणजे डोल जाळे लावणारी डिझेल नौका असो, आउटबोर्ड मशीनची छोटी होडी असो की सुट्टीत पर्यटकांना फिरवणारी जेटस्की असो, या सगळ्यांच्या इंजिनांना वर्षातून एकदा सलग दोन-तीन महिने स्वस्थ बसावे लागते. यंत्राच्या दृष्टीने हा वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ असतो.

जेटस्कीसोबत येणाऱ्या छापील पुस्तिकेत हिवाळ्यातल्या साठवणुकीचे एक प्रकरण असते. ते कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग किंवा युरोप डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. तिथे तळी गोठतात. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढते, आणि इंजिनाच्या पोटात उरलेले पाणी गोठले तर ओतीव धातूला तडा जातो. म्हणून तिथले मालक पाणी काढून टाकतात, गोठणरोधक द्रव फिरवतात, सिलिंडरमध्ये तेल फवारतात, बॅटरी घरी नेतात. मुंबईत हे प्रकरण वाचणारा मालक हसतो आणि पान उलटतो, कारण आपल्याकडे पारा शून्यावर जाण्याचा प्रश्नच नाही. गफलत इथेच होते. त्या प्रकरणातले गोठणरोधक तेवढे आपल्याला नको आहे. बाकीचा जवळजवळ प्रत्येक शब्द आपल्याला लागू आहे, किंबहुना जास्त लागू आहे. थंड देशातल्या हिवाळ्यात गारठा असतो, पण तिथली कोठारे कोरडी असतात. आपला बंद हंगाम येतो तो वर्षातल्या सर्वांत ओल्या दिवसांत. सांताक्रूझ वेधशाळेची जून ते सप्टेंबरची पावसाची सरासरी सुमारे २३०० मिलिमीटर आहे. हे पाणी ताडपत्री अडवते, पण हवेतली ओल ती अडवू शकत नाही.

आणि ही ओल एकटी येत नाही, तिला मिठाची साथ असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन बंद केल्यावर थंड करणाऱ्या नळ्यांत, पंपाच्या कोपऱ्यांत, सायलेन्सरच्या वळणावर जे खारे पाणी उरते ते मेच्या उन्हात आटते आणि क्षार तिथेच बसतात. कोरडे मीठ फारसे नुकसान करत नाही. पण हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओले होते. जुलैत मुंबईच्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तेच या नळ्यांच्या आत होत असते. फरक एवढाच, की बरणी काचेची असते आणि नळी धातूची. म्हणजे पावसाचा एक थेंबही आत गेला नाही तरी बंद इंजिनात दोन महिने दाट मिठवणी तयार राहते. त्यात लोखंड गंजते, आउटबोर्डच्या ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, आणि ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसवलेला असेल तर दोन धातूंच्या सांध्यावर ही झीज आणखी वेगाने होते. जुलैत पाना लावल्यावर बोल्ट फिरायच्या ऐवजी तुटतो, त्यामागे हे कारण असते. धावत्या इंजिनात पाणी सतत वाहते, धातू तापतो आणि तेल प्रत्येक भागावर पसरत राहते. बंद इंजिनाला यातले काहीच मिळत नाही.

यावरचा उपाय महाग नाही, पण त्याला क्रम आहे, आणि तो चुकला तर उपायच अपाय होतो. गोड्या पाण्याने इंजिन आतून धुणे ही पहिली पायरी. आउटबोर्ड मशीनला पाणी खेचणाऱ्या जाळीवर रबरी कप लावून नळी जोडतात. तिथे आधी पाणी सोडायचे आणि मग इंजिन सुरू करायचे, कारण पाण्याविना चालवले तर पंपातला रबरी इम्पेलर पाहता पाहता जळतो. जेटस्कीचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. तिथे आधी इंजिन सुरू करायचे, लगेच पाणी सोडायचे, आणि थांबवताना आधी पाणी बंद करून, आतले पाणी उडून जावे म्हणून क्षणभर वेग वाढवून, मग इंजिन बंद करायचे. हा क्रम मोडला तर धुण्याचे पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरपर्यंत जाऊ शकते. काही जेटस्कींत इंजिनाचे थंड करणारे पाणी बंदिस्त फेऱ्यात असते, पण त्यांच्याही एक्झॉस्टमधून समुद्राचेच पाणी फिरत असते, त्यामुळे धुण्यातून सुटका कुणाचीच नाही. डिझेल नौकेत पाणी खेचणारी नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडून इंजिन चालवतात. थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणारे इंजिन असेल तर ते चांगले तापेपर्यंत चालवावे लागते, कारण थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडे पाणी ब्लॉकच्या आत जातच नाही. दोन मिनिटे नळी धरून ‘धुतले’ म्हणणाऱ्याने बहुधा फक्त बाहेरच्या नळ्या धुतलेल्या असतात.

दुसरी पायरी तेलाची. इंजिनातले वापरलेले तेल नुसते काळे नसते. जळण्यातून तयार झालेली आम्ले आणि ओल त्यात उतरलेली असतात. असे तेल दोन महिने बेअरिंगवर बसू देणे म्हणजे स्वतःच्या हाताने झीज लावून घेणे. ‘नवीन तेल हंगामाच्या आधी घालू, आता घालून ते वाया कशाला घालवायचे,’ हा युक्तिवाद किनाऱ्यावर सर्रास ऐकू येतो. तो वरवर हिशेबी वाटतो, पण डब्यातले असो की इंजिनातले, स्वच्छ तेल दोन महिन्यांत खराब होत नाही, आणि जुने तेल मात्र त्या दोन महिन्यांत आपले काम उरकते. इंजिन गरम असतानाच जुने तेल काढावे, नवे घालून काही मिनिटे चालवावे, म्हणजे स्वच्छ तेलाचा थर सगळीकडे बसतो. आउटबोर्डच्या खालच्या गिअर पेटीचा स्क्रू सोडून चार थेंब बोटावर घेतले तरी पुरे असते. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर सील गेले आहे आणि आत पाणी शिरले आहे. ही गोष्ट मेअखेरीस कळली तर सील मागवायला दोन महिने हातात असतात. ती ३० जुलैला कळली तर मालक मिळेल ते सील मिळेल त्या भावाने बसवतो.

इंधनाचा प्रश्न गेल्या काही वर्षांत अधिक बिकट झाला आहे. आता देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आउटबोर्डच्या अनेक बनावटींच्या पुस्तिकांत ही मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे. या धोरणाच्या बऱ्या-वाईटाचा वाद इथे घालायचा नाही, पण इथेनॉल पाणी ओढते हे रसायनशास्त्र आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. चारचाकीची टाकी आठवड्याला रिकामी होते, म्हणून तिथे हे सहसा जाणवत नाही. जेटस्कीची टाकी मात्र जून ते ऑगस्ट तशीच राहते. त्यामुळे पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवणे हाच आपल्या हवेत शहाणपणा आहे. डिझेलचे उलटे आहे. तिथे टाकी काठोकाठ भरलेली बरी, कारण रिकाम्या जागेतल्या हवेची ओल टाकीच्या भिंतींवर थेंब होऊन उतरते, आणि डिझेल व पाण्याच्या सांध्यावर जिवाणूंची काळी बुळबुळीत साय वाढते. हंगामाच्या पहिल्या फेरीला समुद्र हेलकावे देतो, तळाचा हा गाळ ढवळला जातो आणि फिल्टर तुंबून इंजिन खाडीच्या मुखावरच बंद पडते. तेव्हा दोष डिझेल विकणाऱ्याला दिला जातो.

इतक्या खोलात न जाताही दोन गोष्टी कुणालाही किनाऱ्यावर पाहता येतील. एक, निळी ताडपत्री. पूर्वी होड्या झापांनी शाकारल्या जात. झापांतून पाऊस गळून जाई आणि वारा खेळे. प्लास्टिकची ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट बांधली की खालची ओल आतच कोंडते, आणि उघडीप पडली की आत वाफ धरते. ताडपत्री हवीच, पण दोन्ही टोके मोकळी ठेवून, इंजिनाचे झाकण किंवा जेटस्कीची सीट थोडी उचलून. दुसरी गोष्ट जस्ताच्या तुकड्यांची. हे तुकडे मुद्दाम झिजण्यासाठी बसवलेले असतात. समुद्राचे पाणी आधी त्यांना खाते, म्हणून बाकीचा धातू वाचतो. नारळी पौर्णिमेच्या आधी बोटींची रंगरंगोटी होते तेव्हा हौसेने कित्येकदा या जस्तावरही रंगाचा हात फिरतो, आणि रंग चढलेले जस्त काहीच कामाचे राहत नाही. बोट देखणी दिसावी यात वावगे काही नाही. पण आपल्या हंगामपूर्व तयारीत जे दिसते त्याला पहिला मान आणि जे दिसत नाही त्याला उरलेला वेळ, अशी वाटणी झाली आहे, हे मात्र मान्य करावे लागेल.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसांकडून येतो: आम्ही दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करतो, तेवढे पुरते. हा समज दूरवर पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही. जळण्यातून तयार झालेली वाफ बाहेर पडण्याआधीच थंड होते आणि पाणी होऊन तेलात व सायलेन्सरमध्ये उतरते. दर आठवड्याला असे चालवणे म्हणजे दर आठवड्याला आत थोडे पाणी सोडणे. शिवाय बोट जमिनीवर असताना पंपाला पाणी नसेल तर इम्पेलरचे नुकसान वेगळेच. चालवायचे तर पाण्याची सोय करून, पुरते तापेपर्यंत चालवावे. नाहीतर चालवूच नये, आणि अधूनमधून फक्त हाताने फिरवावे, म्हणजे पिस्टन एकाच जागी चिकटून बसत नाहीत. याच अनुभवी माणसांना एक गोष्ट मात्र बिनचूक ठाऊक असते: उंदीर वायरी कुरतडतात. त्यासाठी आणि ओल्या हवेसाठी एक्झॉस्टचे तोंड बोळा घालून बंद करावे, आणि तो बोळा विसरला जाऊ नये म्हणून लाल फडके सुकाणूला बांधून ठेवावे. किनाऱ्यावरचे शहाणपण टाकून द्यावे असे इथे कुणी म्हणत नाही. शिडाच्या होड्यांपासून यांत्रिक नौकांपर्यंतचा प्रवास याच माणसांनी केला आहे. पण आजच्या आउटबोर्डमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असते आणि इंधनाचे रसायन बदलले आहे, तेव्हा जुन्या सवयींची फेरतपासणी व्हायलाच हवी.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो वजनदार आहे. मेअखेरीस नाखवा खलाशांचा हिशेब चुकता करतो, शाळेची फी आणि घराची डागडुजी समोर असते, आणि पुढचे दोन महिने कमाई शून्य. अशा वेळी इंजिनावर खर्च करा असे सांगणे सोपे आहे, करणे अवघड. पण खर्चाची फोड केली तर चित्र बदलते. मेअखेरीस करायची कामे म्हणजे गोडे पाणी, तेल, एक-दोन फिल्टर, थोडे ग्रीस आणि अर्ध्या दिवसाची मेहनत. तेल आणि फिल्टर तसेही जुलैत घ्यावेच लागणार असतात. तारीख फक्त अलीकडे येते. नोझल, पंप, सील, बेअरिंग हा खरा मोठा खर्च, आणि तो जुलैवर ढकलायला काहीच हरकत नाही, उलट मेच्या तपासणीत तो आधी कळला तर भाव विचारायला वेळ मिळतो. आज होते ते असे, की मेमध्ये वाचवलेले तेलाचे पैसे जुलैत व्यापाऱ्याकडून उचल घेऊन कितीतरी पटींनी भरावे लागतात, आणि ज्याची उचल घेतली त्यालाच मासळी घालावी लागते. इंजिनाची हेळसांड अशी थेट मासळीच्या भावापर्यंत पोहोचते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला. शेतकऱ्याला पेरणीआधी पीककर्ज मिळते, तसे मच्छीमाराला मे महिन्यात निगेसाठी छोटे खेळते भांडवल मिळाले, तर या दर्जाचा उपयोग किनाऱ्यावर दिसेल.

तिसरा आक्षेप मुंबईकराच्या मनात आधीच आला असेल: मेअखेरीस पाणी आहे कुठे? त्या दिवसांत शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावांचा साठा वर्षातल्या तळाला गेलेला असतो. २०२४ मध्ये महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू केली होती. अशा वेळी इंजिने धुवायला पाणी द्यायचे का? हिशेब करून पाहू. शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ मानक माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. मोठ्या डिझेल नौकेला २०० लिटरची दोन-तीन पिंपे पुरतात, आउटबोर्ड आणि जेटस्कीला त्याहून बरेच कमी. म्हणजे वर्षातून एकदा एका नौकेसाठी तीन-चार माणसांचे एका दिवसाचे पाणी. ते पिण्याचेच हवे असेही नाही. खारट नसलेल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही चालते. प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा नसून ते जेट्टीपर्यंत पोहोचण्याचा आहे. गोड्या पाण्याचा नळ धक्क्यावर नसेल तर नाखवा घरून पिंप वाहून आणणार नाही, आणि आणावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. मेच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी ठरलेल्या वेळी टँकर उभा केला तरी काम भागेल.

चौथा आक्षेप तत्त्वाचा: इंजिन ज्याचे त्याने बघावे, सरकारने त्यात का पडावे? बंद पडलेले इंजिन रस्त्यावरच्या गाडीसारखे कडेला लावता येत नाही, हे याचे उत्तर. बंदी ३१ जुलैला संपते, पण नैर्ऋत्य मोसमी वारे तेव्हा ऐन भरात असतात. म्हणूनच बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी अशी मागणी मच्छीमारांतूनच होत आली आहे. म्हणजे दोन महिने न चाललेले इंजिन आपली पहिली खरी परीक्षा हंगामातल्या सर्वांत खवळलेल्या पाण्यात देते. वारा पश्चिमेकडून असतो. इंजिन थांबले की नौका मढच्या खडकांकडे किंवा खाडीच्या मुखावरच्या वाळूकडे ढकलली जाते. तिच्या मदतीला जाणारी दुसरी नौकाही तितकीच धोक्यात येते. जेटस्कीवर तर पोहता न येणारा, पैसे मोजून बसलेला अनोळखी पर्यटक असतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. चाचणी सुरू असताना इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने त्या वेळी सांगितले होते. त्या दुर्घटनेचा साठवणुकीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण पाण्यावरचे इंजिन बिघडले की त्याची किंमत केवळ मालक मोजत नाही, हे तिने दाखवून दिले. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी प्रवासी नसताना, मोकळ्या पाण्यात आणि भर उजेडात व्हावी, हा त्यातून घ्यायचा साधा धडा आहे.

याचा अर्थ आणखी एक परवाना, आणखी एक निरीक्षक आणि आणखी एक चिरीमिरी असा मुळीच नाही. त्या वाटेने गेलो तर शिक्के उमटतील आणि इंजिने तशीच गंजतील. दंडाची भाषा बाजूला ठेवून आहे त्याच यंत्रणेचा वापर करता येईल. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मच्छीमारांना सहकारी संस्थांमार्फत मिळतो, म्हणजे नौका आणि संस्था यांची सांगड आधीच बसलेली आहे. संस्थेने प्रत्येक नौकेमागे एक कार्ड ठेवावे: इंजिन कधी धुतले, तेल कधी बदलले, गिअरच्या तेलात पाणी दिसले का, बॅटरी कुठे आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत किनारी गावांसाठी ‘सागरमित्र’ नेमण्याची तरतूद आहे. ही नोंद हे त्यांचे काम होऊ शकते. कार्ड भरले नाही म्हणून कुणाचा परतावा अडवू नये, पण सलग नोंद असलेल्याला विम्यात किंवा कर्जात थोडी सवलत जरूर द्यावी. जलक्रीडेच्या व्यावसायिकांचे वेगळे आहे. ते जनतेला भाड्याने बसवतात, त्यामुळे सागरी मंडळाने सप्टेंबरमध्ये हंगाम खुला करताना लाइफ जॅकेटबरोबर साठवणुकीची ही नोंदही मागावी. तेलाचे पिंप तर आजच हवे. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. निगा मेमध्ये आणली आणि तेल ओतायला जागा दिली नाही, तर ते खाडीतच जाईल, आणि ज्या पाण्यावर पोट आहे तेच पाणी आपण नासवू.

मेकॅनिकांचा धंदा यात बुडणार नाही, उलट तो दोन महिन्यांवर नीट पसरेल. आज जुलैच्या अखेरीस एका माणसाला रात्रंदिवस जुंपून घेतले जाते, आणि मेअखेरीस तोच माणूस कामाची वाट पाहतो. घाईत केलेल्या दुरुस्तीचे दायित्व कुणी घेत नाही. सवडीने केलेल्या कामाची हमी मागता येते. उपनगरांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचे अभ्यासक्रम चालतात. तिथल्या मुलांना मेअखेरीस वेसाव्याच्या धक्क्यावर आठवडाभर पाठवले तर त्यांना वर्गाबाहेरचे शिक्षण मिळेल आणि कोळीवाड्यातल्या पोरांनाही घराजवळ रोजगाराची एक वाट दिसेल.

मत्स्यव्यवसाय विभाग बंदी लागू करण्याचा आदेश दरवर्षी काढतो. त्यात नौका केव्हा परत याव्यात आणि नियम मोडला तर काय, हे असते. पुढच्या आदेशात आणखी एक परिच्छेद असावा: कोणत्या धक्क्यावर, कोणत्या तारखांना गोडे पाणी आणि तेलाचे पिंप मिळेल. नाखव्यांनी, जेटस्कीच्या मालकांनी आणि खाडीत बोटी चालवणाऱ्यांनी मात्र आदेशाची वाट पाहू नये. येत्या मेअखेरीस बोट शाकारण्याआधी इंजिन गोड्या पाण्याने धुवा, तेल बदला, पेट्रोल काढा किंवा डिझेलची टाकी भरा, बॅटरी घरी न्या आणि त्या दिवसाची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते जुलैत करून चालत नाही.